सहाशे ऐंशी अंशांनंतर

आमच्याकडे नागापुरात विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण अशी उतरंड लागते. कधीकधी दोन पाषाणांच्या मधोमध एक तांबडी पट्टी निघते. खणणारे तिला गेरू म्हणतात. तिला सुरुंग लागत नाही, पहारीनं सुटते, आणि हाताळली की बोटं लाल होतात. ही पट्टी म्हणजे एके काळची जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक थर निवला, ऊनपावसानं त्याची माती झाली, आणि पुढचा लाव्हा तिच्यावर येऊन पसरला. त्यानं ती भाजून काढली. त्या धगीत मातीतल्या लोहकणांचं आधीचं चुंबकत्व पुसलं गेलं आणि निवताना त्या काळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिच्यात नव्यानं उमटलं. म्हणून पट्टीच्या वरच्या भाजक्या भागात आणि तिच्यावरच्या पाषाणात एकच दिशा सापडते.

मातीतून आणि गाळातून झालेल्या खडकांचं हे चुंबकत्व मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन नागापूरला राहायला आले, तर शेजार मिळाला एका कीर्तनकार महाराजांचा. माझं काम काय होतं ते समजून घेतल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो इतक्या वर्षांत मला कुठल्याही परिसंवादात कुणी विचारला नव्हता.

“ताई, दगडाला कोट्यवधी वर्षांपूर्वीची दिशा आठवते म्हणता. मग त्याला जीव आहे म्हणा की!”

“महाराज, ती आमची बोलायची पद्धत आहे.”

“पद्धत खोट्यावर पडते का कधी?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आधी दगडात काय असतं ते सांगते. संथ पाण्यात गाळ बसत असताना त्यातले मॅग्नेटाइटचे बारीक कण पृथ्वीच्या क्षेत्राकडे वळतात. वरून आणखी गाळ साचत जातो, पाणी पिळून निघतं आणि कण जागच्या जागी अडकतात. तांबड्या वालुकाश्माची गोष्ट वेगळी. त्याला रंग देणारं हेमॅटाइट बहुधा नंतर, खडकात मुरलेल्या पाण्यातून वाढतं, आणि ज्या काळात वाढतं त्या काळची दिशा धरून ठेवतं. एकाच खडकात दोन-तीन काळ नांदतात ते असे. या दिशेचा झुकाव खडक त्या वेळी कुठल्या अक्षांशावर होता ते सांगतो. आज १९ अंश उत्तरेला असलेल्या नागापुरात हा झुकाव सरासरीनं क्षितिजाखाली ३५ अंशांच्या आसपास असायला हवा. दख्खनचा पाषाण मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांचा हिशोब देतो. म्हणजे आज जिथे डर्बन आहे त्या अक्षांशाचा.

हा हिशोब पहिल्यांदा मांडणाऱ्यांत केंब्रिजचा टेड आयर्विंग होता. तो स्कॉटलंडच्या टॉरिडॉनियन वालुकाश्मावर काम करत होता. दख्खनचे मोजके नमुने मागवून त्यानं मोजले, आणि भारत उत्तरेकडे सरकत आला आहे हे त्याला दिसलं. १९५४ मध्ये त्याचा प्रबंध नामंजूर झाला. खंड सरकतात हे तेव्हा फार थोड्यांना पटत होतं. त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी हे काम हाती घेतलं. त्यांच्याबरोबर आर. एन. आठवले आले. आठवल्यांनी पुढे विंध्य पर्वतातल्या भांडेर आणि रेवा वालुकाश्मांवर केलेलं काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्या पिढीनं गाळाच्या खडकाला हात घातला तो अशी कामं वाचून.

आता जिवाचा प्रश्न. वैशेषिकांनी याचा बारीक विचार करून ठेवला आहे. त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी संस्काराचे तीन प्रकार मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेल्या बाणाला पुढे नेतो तो वेग. वाकवलेली फांदी सोडल्यावर पुन्हा सरळ होते ते स्थितिस्थापकामुळे. स्मृतीला कारण होते ती भावना, आणि ती फक्त आत्म्यात राहते, मातीत नाही. या वाटणीपुढे मी माझा वालुकाश्म ठेवून पाहते. त्याच्यात वेग नाही. पूर्वस्थितीला जाण्याची ओढ नाही, उलट दिलेली नवी स्थितीच तो धरून बसतो. आणि भावना म्हणावी तर अनुभव घेणारा कुणी तिथे नाही. मला वाटतं इथे चौथा प्रकार मानावा लागेल: जड वस्तूत टिकणारा, पण कुणाचाही नसलेला ठसा. त्याला स्मृती म्हणू नये. वही भरलेली आहे म्हणून वहीला काही आठवत नसतं.

महाराजांना एवढ्यानं समाधान नव्हतं. ते म्हणाले, माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चेतना समजावताना भ्रामकाचा, म्हणजे लोहचुंबकाचा दाखला दिला आहे. त्याच्या नुसत्या जवळ असण्यानं अचेतन लोखंड हलू लागतं. मग आम्ही प्रयोगशाळेत नमुना तापवून शुद्ध करतो त्याबद्दल मी सांगितलं, तेव्हा ते खुलले. “म्हणजे उपाधी जाळायची आणि आत उरतो तो आत्मा. मी कीर्तनात दुसरं काय सांगतो?”

हा मोह मला ओळखीचा आहे, कारण आमचं शास्त्रही त्याच भाषेत बोलतं. अडीच सेंटिमीटर व्यासाचा नमुना खडकातून कापून काढायचा. त्याची दिशा सूर्याच्या सावलीवरून घ्यायची, कारण दख्खनच्या पाषाणाजवळ होकायंत्राची सुई फसते. मग भट्टीत थोडा तापवायचा, बाहेरचं सगळं क्षेत्र अडवलेल्या जागी निववायचा आणि मोजायचा. पुन्हा थोडा जास्त तापवायचा. पहिल्या टप्प्यांत आजची उत्तर निघून जाते, कारण नुसतं पडून राहूनही दगड चालू काळाचं क्षेत्र हळूहळू घेत असतो. ५८० अंशांपर्यंत मॅग्नेटाइटचं संपतं. त्यानंतरही टिकून राहतं ते हेमॅटाइटचं. आकडे कमी कमी होत एका सरळ रेषेत शून्याकडे जाऊ लागले की आम्ही म्हणतो, ही मूळ दिशा.

पण ६८० अंशांनंतर तीही जाते. आत काही उरत नाही. जिला मूळ म्हटलं, तीही बाहेरूनच आलेली होती. सगळ्यांत आधी आली एवढंच. दगडाला स्वतःची अशी दिशा कधीच नव्हती. उरते ती नवं क्षेत्र घेण्याची शक्ती. अद्वैती म्हणेल, तोच साक्षी, सगळं घेऊन कशातच न रंगणारा. मला हेही मान्य करता येत नाही. गाळाचा खडक फार तापवला की त्यातल्या चिकणमातीच्या खनिजांपासून नवं मॅग्नेटाइट तयार होतं, आणि तोच नमुना पूर्वीपेक्षा कितीतरी जोरानं चुंबकत्व घेऊ लागतो. म्हणजे घेण्याची शक्तीसुद्धा शोधाच्या आचेनं बदलली. नित्य असं काही माझ्या भट्टीत मला सापडलेलं नाही. कुणी दाखवू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये असं मी स्पष्ट सांगते.

आणि पहिलं तेच खरं, या समजुतीबद्दल तर मला मनापासून बोलायचं आहे. मध्य भारतातल्या काही गोंडवानी वालुकाश्मांवर दख्खनच्या लाव्ह्याच्या काळाचा ठसा चढला आहे. असा नमुना निघाला की माझे सहकारी हळहळत, वाया गेला म्हणत. वाया कसा गेला? त्या डोंगरावर जे घडलं ते त्यानं खरंखरं नोंदवलं आहे. धर्मात आपण हेच करतो. मूळ संहिता कुठली, मूळ देऊळ कुणाचं, मूळचे रहिवासी कोण, असं विचारत थर खरवडत जातो आणि वरच्या थरांत जगलेल्या माणसांना खोटं ठरवतो. आठवल्यांचं आयुष्य पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेत ते भूजलाकडे वळले. पावसाळ्याआधी जमिनीत ट्रिशियमची खूण असलेलं पाणी सोडायचं, पावसाळा सरल्यावर ती खूण किती खाली उतरली ते मोजायचं, आणि त्यावरून किती पाऊस जमिनीत मुरला ते काढायचं. आमच्या नगरसारख्या अवर्षणी मुलखाला याचं मोल काय ते सांगायला नको. त्यांचा खरा विषय कुठला, वालुकाश्म की पाणी? हा प्रश्नच चुकीचा आहे.

महाराजांनी शेवटी नेवासं काढलं. शके १२१२ मध्ये जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथला, माउली टेकून बसले तो खांब. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’मध्ये ज्याच्यावर लिहिलं तोच.

“त्या खांबात काहीच उरलं नाही म्हणता?”

“माणूस टेकल्यानं दगडाचं चुंबकत्व बदलत नाही, महाराज. यंत्राला तिथे माउली सापडणार नाहीत.”

“मग माणसं कशाला जातात?”

इथे मी पुन्हा प्रशस्तपादांकडे वळले. भावना तीन वाटांनी घडते असं ते सांगतात: अनुभवाचा तीव्रपणा, अभ्यास आणि आदर. एकादशीला नेवाशाला जाणाऱ्या माणसापाशी यातल्या दोन वाटा हमखास असतात. स्मृती त्याच्यात आहे, आणि तो पुन्हा पुन्हा येतो म्हणून टिकून आहे. महाराजांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, “उद्या कुणी आलंच नाही तर?” तर ती राहणार नाही, असं मी म्हणाले. खांब राहील, त्यावरचा कोरीव लेख राहील, त्याच्या लोहकणांची दिशाही राहील. येत्या एकादशीला आम्ही दोघं नेवाशाला जाणार आहोत, आणि हा वाद तिथे पुढे चालेल.