मण्यांची मोजणी



तापीमाई मुलताईहून निघून खानदेशातून वाहत येते आणि येथे हजीऱ्यापाशी सागराला मिळते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे तिच्याच वाटेने पोटापाण्यासाठी सुरतेकडे आली. त्या घरांतील मुले आज उच्च पदव्या संपादन करीत आहेत, आणि त्यांतील जी विचारी आहेत त्यांच्या मनात एक द्वंद्व असते: ज्ञानाची साधना करावी की दीनांची सेवा? एकीचा वेळ दुसरीला दिला तर ती चोरी होते, असे त्यांना वाटते.

अशा वेळी मला डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याचे स्मरण होते. नागपुरास वैद्यकाच्या परीक्षांत सुवर्णपदके मिळवून, १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्यातील पदवी घेऊन दोघे स्वदेशी परतले, आणि १९८६ पासून त्यांनी गडचिरोली जिल्हा हीच आपली कर्मभूमी मानली. स्त्रियांच्या मुकाट्याने सोसलेल्या दुखण्यांवरील राणीताईंचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तो दोन खेड्यांतल्या स्त्रियांचा होता.

तेथे बालके न्यूमोनियाने दगावत. बालकाचे श्वास मोजले म्हणजे रोग ओळखता येतो. परंतु गावच्या पुष्कळ सुइणींना बारापलीकडे मोजता येत नसे. मग मण्यांचे एक साधे साधन करण्यात आले. मिनिटाची वाळूची घडी उलटी करावयाची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीच अखेरचा मणी सरकला तर बालकाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. आपणही मणी ओढतो. मन बाजारात असले तरी आपली बोटे चालतात, हे कबूल केलेले बरे. त्या सुइणीचा एक मणी चुकून भागत नसे.

तथापि या कथेत मला अडखळविणारी एक जागा आहे, आणि ती लपविणे मला शोभणार नाही. नवजात अर्भकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याची पद्धत पुढे ३९ गावांत चालविली गेली; तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्थाच राहिली. त्या ४७ गावांतील एखाद्या मातेने विचारले असते, “माझ्या बाळाने काय पाप केले होते?” तर उत्तर काय द्यावे? तुलनेवाचून जगाने विश्वास ठेवला नसता, हे खरे. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली अशा गृहशुश्रूषेचे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आले. एवढे होऊनही त्या मातेचा प्रश्न मला पुसता येत नाही. आणि तो ज्याला ऐकू येतो त्याच्याच हाती मोजणीची वही द्यावी, असे मला वाटते.

बंग दांपत्याच्या वसाहतीचे नाव शोधग्राम. तेथील रुग्णालय मात्र गोंडांच्या माँ दंतेश्वरीच्या नावाने चालते.