शेणाची पाटी

अलिबागजवळच्या एका शेतावर आम्ही आठवडाभर राहून आलो. तिथे पाहुणा हा प्रकारच नाही. सगळ्यांनी एकत्र राहायचे, एकत्र रांधायचे आणि दमलेल्या मातीत जीव आणायचा. नांगर वर्ज्य. पाचोळा अंथरायचा आणि जीवामृत ढवळायचे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती! गूळ-बेसन पाहून तोंडाला सुटलेले पाणी शेण पडेपर्यंत टिकले. घरी चहाची कपबशी न उचलणारा मी तिथे डोक्यावर शेणाची पाटी घेऊन हिंडत होतो. (बायकोने फोटो काढून ठेवलाय. पुरावा म्हणून.)

शेजारी तशीच पाटी वाहणाऱ्या मावशींनी विचारले, "दादा, तुमाला हजरी किती?"

"मीच पैसे देतो."

"शेन उचलायचे?"

मावशी मटकन खाली बसून हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिराने.

चरी गाव याच तालुक्यात. १९३३ साली तिथल्या कुळांनी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, खोतांची जमीन कसायचे नाकारले. १९३९ पर्यंत हाल सोसले. त्यांनीही नांगर खाली ठेवला होता. आम्ही पैसे मोजून ठेवला.

चौथ्या दिवशी माझी कंबर धरली. मी पाटी ठेवली, तर सगळे कौतुकाने म्हणाले, "बरोबर, शरीराचं ऐकावं!"

मावशींचीही कंबर दुखत होती. हे त्यांनी मला सांगितले, पाटी उचलता उचलता. इतर कुणाला सांगू नका म्हणाल्या, हजरी कापतात.