कल्पनेचे कुंपण

वर्गात जेम्स वॅटची गोष्ट सांगताना मी नेहमी किटलीच्या झाकणापाशी थांबत असे. पुढची गोष्ट मला एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितली. तो आता इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा मी त्याच्यापुढे माझे गाऱ्हाणे मांडले. माझ्या कादंबरीतला एक प्रसंग एका नाटकवाल्याने माझे नावही न घेता उचलला होता. कोर्टात जावे काय?

"सर, आधी वॅटचे ऐका," तो म्हणाला.

न्यूकमेनच्या इंजिनात दर फेरीला सिलिंडर तापायचा आणि पुन्हा थंड व्हायचा. त्यात कोळसा फुकट जाई. वाफ वेगळ्या भांड्यात थंड करावी, ही वॅटची युक्ती. तिचे पेटंट त्याला १७६९ साली मिळाले आणि १७७५ साली पार्लमेंटने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली. पुढे वॅटला इंजिनाने चाक फिरवायचे होते. साधा क्रँक पुरे होता. पण इंजिनाला तो लावण्याचे पेटंट १७८० साली पिकार्डने घेतलेले! मग एका दातेरी चाकाभोवती दुसरे फिरवून वॅटने आडवाट काढली.

"म्हणजे अडवणुकीचा जाच त्याला ठाऊक होता," मी म्हणालो.

"होता ना! तरी १७९२ साली हॉर्नब्लोअरने आपल्या दोन सिलिंडरांच्या इंजिनासाठी तशीच मुदतवाढ मागितली, तेव्हा वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन विरोधाला उभे राहिले. ती त्याला मिळाली नाही. सर, कुंपण नसेल तर वर्षानुवर्षे खपेल कोण? आणि सगळीकडे कुंपणेच झाली, तर पुढच्याने चालावे कुठून? म्हणून हा सौदा आहे. आपली युक्ती उघड लिहून द्यायची आणि ठरावीक काळ हक्क भोगायचा. आपल्याकडे २० वर्षे. मग ती सर्वांची."

तो गेल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. नाटकवाल्याने उचललेला तो प्रसंग मला तरी कुठे सुचला होता? आमच्या शाळेच्या शिपायाने एका पावसाळ्यात व्हरांड्यात बसून सांगितलेली ती त्याच्या आईची हकिगत. पुस्तकात मी त्याचे नाव कुठेच घातले नव्हते.

मालकीला कायद्याने मुदत घातली आहे, हे शहाणपणाचे झाले. ऋणाला मात्र मुदत नसते.

मी कोर्टात गेलो नाही. दोन पत्रे लिहिली. नाटकवाल्याला लिहिले, पैसे नकोत, नाव तेवढे घाला. दुसरे पत्र माझ्या प्रकाशकाला होते. त्यातही एक नाव घालण्याचीच विनंती होती. पण ते नाव माझे नव्हते.