रिकाम्या चौकोनाचं उत्तर

मी सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्ममधल्या चौकोनात आधीच टिक करून ठेवायची की तो रिकामा सोडायचा, हा आमच्याकडे पाच मिनिटांत उरकायचा प्रश्न. बहुतेक लोक त्याला हात लावणार नाहीत, हे ठाऊक असतं. मग आम्ही ठरवलेलं तेच पुढे ‘ग्राहकांची पसंती’ म्हणून आकडेवारीत येतं.

एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ साली ‘सायन्स’मध्ये अशाच चौकोनाबद्दल लिहिलं. विषय होता अवयवदान. जर्मनी आणि ऑस्ट्रिया शेजारी देश, भाषा एक. तरी मरणोत्तर दानाला संमती असलेल्यांचं प्रमाण जर्मनीत १२ टक्के, तर ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त! जर्मनीत दान करायचं तर तसं कळवावं लागे; ऑस्ट्रियात करायचं नसेल तर. दोन्हीकडे बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं.

आता यातला नैतिक पेच बघा. गप्प राहिलेल्या माणसाचा होकार धरायचा कोणत्या अधिकाराने? पण मग नकार तरी कोणत्या अधिकाराने धरायचा? तोही त्याने दिलेला नसतोच, आणि त्याची किंमत मोजतो तो डायलिसिसवर दिवस काढणारा अनोळखी पेशंट. म्हणजे चौकोन कसाही ठेवला, तरी आपण कुणाच्या तरी वतीने बोलतोच.

याच लेखातला एक प्रयोग मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नकार गृहीत धरून विचारलं तेव्हा ४२ टक्के लोक दानाला तयार झाले. होकार गृहीत धरला तेव्हा ८२ टक्के. तिसऱ्या गटासाठी काहीच गृहीत धरलं नव्हतं, हो किंवा नाही यातलं एक निवडायचं होतं. तिथे ७९ टक्के ‘हो’ म्हणाले. सरळ विचारलं तर बहुतेक माणसं देतात, असा मी याचा अर्थ लावतो. मग त्यांच्या आळसाचा फायदा कशाला घ्यायचा?

स्पेनमध्ये १९७९च्या कायद्याने होकार गृहीत धरलेला आहे. तरी तिथे कुटुंबाला विचारलं जातं. १९८९पासून तिथे अवयवदानाची राष्ट्रीय संघटना आहे, आणि नातेवाइकांशी बोलायला हॉस्पिटलांत प्रशिक्षित समन्वयक असतात. स्पेन या बाबतीत जगात अग्रेसर आहे, आणि त्याचं श्रेय तिथले जाणकार कायद्यापेक्षा या व्यवस्थेला देतात.

आपल्याकडे १९९४चा कायदा आहे. दानाचं कार्ड पाकिटात असलं, तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत. मेंदू मृत झालेला असतो, पण व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, हात गरम असतो. त्या काही तासांत आईवडिलांनी किंवा बायकोने ‘हो’ म्हणायचं! आपण न दिलेलं उत्तर त्यांच्या गळ्यात पडतं, आणि काहीही ठरवलं तरी ‘त्याला हेच हवं होतं का?’ हा प्रश्न त्यांच्यापाशी उरतो.

म्हणून मी आईकडे विषय काढला. “भरल्या घरात कसलं अभद्र बोलतोस!” म्हणून ती आत निघून गेली. दोन दिवसांनी भाजी निवडताना आपणहून म्हणाली, “माझे डोळे द्या. बाकीचं विचार करून सांगते.”

तिचं अर्धं उत्तर आता आमच्या घरात आहे. ते कुठल्याही सरकारी रजिस्टरमध्ये नाही. पण वेळ आली तर निदान तेवढ्यापुरतं मला तिच्या वतीने अंदाज बांधावा लागणार नाही.