आलाच नाही तो प्रोसेसर

2000 ते 2004 च्या दरम्यान, तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, कॉम्प्युटर असेंबल करून देणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतल्या एका दुकानात संध्याकाळी आमचा अड्डा जमे. इंजिनिअरिंगची पोरं, एकदोन मास्तर, एक फोटो स्टुडिओवाला आणि मी. विषय ठरलेला: इंटेल भारी की एएमडी. यांतल्या निम्म्या लोकांच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता. ज्यांच्याकडे होता, त्यांचाही दोन पिढ्या मागचा. पण भांडण व्हायचं ते पुढच्या वर्षीच्या मालावर.

आमचं सगळं ज्ञान मासिकातून आलेलं. ‘चिप’ मासिक, त्याचंच पुढे ‘डिजिट’ झालं, एकाने विकत आणायचं आणि सहाजणांनी वाचायचं. सोबतची सीडी ओरखडे पडेपर्यंत फिरे. अमेरिकेत आलेला प्रोसेसर सोलापूरच्या डीलरकडे पोचून तिथून एसटीने आमच्याकडे यायला इतका वेळ लागे, की बाजारात आलेला माल आणि अजून न आलेला माल यांत आमच्या लेखी काही फरकच नव्हता. दोन्ही कागदावरच. दोन्हींची बाजू तितक्याच जोरात घेता यायची.

भांडायला दारूगोळा भरपूर होता. मार्च 2000 मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन आधी जाहीर केला, इंटेलचा पेन्टियम थ्री दोनच दिवसांनी आला. त्या दोन दिवसांवर एएमडीवाल्यांनी वर्षभर मिशीला ताव दिला. त्याच ऑगस्टमध्ये इंटेलने 1.13 गिगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री बाजारातून परत मागवला, तेव्हा तर विचारूच नका. मग 2001 च्या ऑक्टोबरात ॲथलॉन एक्सपी आला आणि पारडं फिरलं. त्याच्यावर 1800+ लिहिलेलं, प्रत्यक्षात वेग 1.53 गिगाहर्ट्झ. ‘‘हा तर मापात मारायचा धंदा झाला,’’ असं इंटेलवाले म्हणत. एका ठोक्यात जास्त काम होतं म्हणून तो आकडा, हे एएमडीवाले परोपरीने समजावत. खरं तर त्यांचंच बरोबर होतं. पण मोठा आकडा दिसला की ऐकून कोण घेतो?

दुकानदार मात्र या वादात पडत नसे, आणि त्याची कारणं आमच्यापेक्षा भक्कम होती. ॲथलॉनची चिप वरून उघडी. निळसर, नखाएवढा चौकोन. त्यावर हीटसिंक बसवायचा म्हणजे स्टीलची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने दाबून सॉकेटच्या खुंटीत अडकवायची. पट्टी कडक. हीटसिंक जरा तिरका टेकला तर चिपचा कोपरा उडे, स्क्रू ड्रायव्हर सटकला तर थेट मदरबोर्डवर ओरखडा. पेन्टियम फोरवर धातूचं झाकण होतं आणि त्याचा हीटसिंक दोन खटक्यांत बसे. शिवाय आमच्याकडचा उन्हाळा. 2001 मध्येच ‘टॉम्स हार्डवेअर’च्या चाचणीत चालू ॲथलॉनवरून हीटसिंक काढला आणि तो जळाला, पेन्टियम फोर हळू झाला, पण वाचला. दुकानदाराने ही चाचणी पाहिलेली नव्हती. त्याला फक्त नुकसान कुणाच्या अंगावर येतं ते माहीत होतं. ‘‘तुमचं चालू द्या,’’ म्हणत तो पांढरी पेस्ट बोटाने सारखी करायचा. त्या बोटाकडे बघताना आमचीही बडबड थांबायची.

सगळ्यात कडवे वाद झाले ते कधीच न आलेल्या वस्तूंवर. थ्रीडीएफएक्सचं वूडू 5 6000 हे ग्राफिक्स कार्ड: एकाच कार्डावर चार चिपा, विजेसाठी बाहेर वेगळा अडॅप्टर. ते दुकानात आलंच नाही, आणि डिसेंबर 2000 मध्ये कंपनीनेच आपली बरीचशी मालमत्ता एनव्हिडियाला विकायला काढली. तरी पुढचं वर्षभर एकजण ‘‘6000 आलं असतं तर’’ने वाक्य सुरू करायचा. इंटेलवाल्यांचा भरवसा तेजस या सांकेतिक नावाच्या चिपवर होता. ती मे 2004 मध्ये रद्द झाली. वेग वाढवत नेला की वीज आणि उष्णता आटोक्यात राहत नव्हती, म्हणून इंटेल दोन कोअरच्या वाटेला लागली. ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेन्टियम फोरही बारगळला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत चक्क गुडघे टेकून माफी मागितली. थट्टेत का होईना, टेकले. ज्या उष्णतेवरून आम्ही एएमडीला हिणवत होतो, तिनेच इंटेलला गाठलं होतं.

न आलेल्या चिपचं एक बरं असतं: ती लोडशेडिंगमध्ये बंद पडत नाही, तिच्यात व्हायरस शिरत नाही, तिचा पंखा घरघरत नाही. समोरच्याच्या कंपनीला आपण आजच्या यंत्रावरून जोखायचं आणि आपल्या कंपनीला उद्याच्या. अशा भांडणात हार कशी होणार? आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला ‘थांबलोय’ म्हणता येतं. हे थांबणं अगदीच खोटंही नव्हतं. नवा माल आला की जुन्याचे भाव उतरत, हे आम्ही पाहिलेलं होतं. घरी वडिलांनाही हे कारण पटे, कारण त्यात आज काही द्यावं लागत नसे.

यात एक गोष्ट मात्र मला आता खटकते. त्याच काळात इंटेलची टिम्ना नावाची चिप व्हायची होती. ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच, स्वस्तातल्या कॉम्प्युटरसाठी. म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच की. तिची आखणी रॅमबसच्या महागड्या मेमरीवर झालेली, ती मेमरी स्वस्त होईना. साधी मेमरी जोडायची तर मधल्या चिपमध्ये दोष निघाला. सप्टेंबर 2000 मध्ये टिम्ना गुंडाळली. आमच्या अड्ड्यावर तिच्यासाठी कुणी हळहळलं नाही. सिम्प्युटरचंही तेच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे इंजिनिअर यांनी 2001 मध्ये त्याचा नमुना दाखवला होता. हातात मावणारा, भारतीय भाषेत बोलणारा, स्मार्ट कार्डावर गावाने मिळून एक वापरावा असा. 2004 मध्ये तो विक्रीला आला आणि खप काही हजारांतच अडकला. आम्ही त्याची बातमी वाचून पान उलटलं होतं. त्याचे गिगाहर्ट्झ सांगण्यासारखे नव्हते, आणि त्याच्या विरोधात कुठली कंपनीही नव्हती. विरोधक नसला की आम्हाला बाजू घेता येत नसे.

त्या दुकानातून खरं गेलं ते सेलेरॉन. पेन्टियम फोरचाच धाकटा भाऊ, 2002 च्या 1.7 गिगाहर्ट्झवाल्याला कॅश जेमतेम 128 किलोबाइट. मासिकात त्याला अर्धा रकाना मिळे, तोही टोमणे मारायला. पण 2001 पासून एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्यातालुक्यांत निघाली, तेव्हा त्यासाठी दुकानातून गेलेल्या कॅबिनेटांत बहुतेक सेलेरॉनच होता. मराठी टायपिंगवाले, लग्नपत्रिका छापणारे, एसटीडी बूथ मोडून सायबर कॅफे काढणारे, सगळे तोच नेत. फोटो स्टुडिओवाला दोन वर्षं ॲथलॉनची वकिली करत होता. शेवटी त्यानेही सेलेरॉनच नेला, आणि कॅबिनेटवर पेन्टियम फोरचं स्टिकर मागून घेतलं. दुकानदाराच्या गल्ल्यात अशी स्टिकरं बरीच होती. ती तो फुकट देई.