विषय आणि साक्षी

पर्यावरणाचा अभ्यास करून पदवी मिळविता येते, ही गोष्ट आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. तथापि पर्यावरण हा मुळात ‘विषय’ होऊ शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. भारतीय तत्त्वचिंतनात विषय म्हणजे ज्ञात्यासमोर असलेली वस्तू आणि विषयी म्हणजे तिला जाणणारा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच या दोहोंना अंधार आणि प्रकाश यांच्याप्रमाणे परस्परविरुद्ध स्वभावाचे मानले आहे. पर्यावरण या शब्दाची घडण मात्र या विभागणीला जुमानत नाही. परि म्हणजे सभोवार. जे सभोवार वेढून आहे ते समोर कसे मांडावे? रसायनशास्त्राचा विद्यार्थी परीक्षानळी हाती धरतो तेव्हा तो नळीच्या बाहेर असतो. नदीच्या पाण्याचा नमुना तपासणारा विद्यार्थी मात्र पुष्कळदा तेच पाणी पिऊन प्रयोगशाळेत आलेला असतो.

या देशात हा अभ्यास विद्यापीठांत सार्वत्रिक झाला तो कर्तव्याच्या वाटेने. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क घटनेत आला आणि वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशात पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याची दिशा दाखविली. पुढे न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सिद्ध केला. त्यात पन्नास तासिका होत्या. पैकी पंचेचाळीस वर्गातल्या आणि पाच क्षेत्रकार्याच्या. गुण शंभर, त्यांतले पंचवीस क्षेत्रकार्याला. कर्तव्याचे तासिकांत आणि गुणांत झालेले हे रूपांतर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. राज्यसंस्थेला एखादे मूल्य रुजवायचे झाले, तर तिच्या हाती याहून फारशी वेगळी साधने नसतात.

प्रश्न असा की, कर्तव्य शिकविता येते काय? जाणूनबुजून कोणी वाईट करीत नाही, वाइटाचे मूळ अज्ञानात असते, अशी सॉक्रेटिसाची धारणा होती. ॲरिस्टॉटलने तिला हरकत घेतली. उचित काय हे ठाऊक असूनही माणूस अनुचित करतो, हा रोजचा अनुभव तो नाकारू शकला नाही. सद्गुण हा वारंवार केलेल्या कृतीतून अंगी बाणतो, असे त्याने सांगितले. प्लॅस्टिकचे दुष्परिणाम उत्तरपत्रिकेत सविस्तर लिहून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली असते, तेव्हा हा जुना वाद परीक्षागृहाच्या दारात उभा ठाकतो. तथापि एवढ्यावरून त्या विद्यार्थ्याला ढोंगी ठरविणे हे सोपे आणि अन्याय्यही आहे. त्याला पन्नास तासांत माहिती मिळाली, सराव मिळाला नाही.

याच्या उलट टोकाचे मतही तपासून पाहिले पाहिजे. निसर्गाचे नाते हृदयाचे असते, ते मोजमापात सापडत नाही, असे काव्यात्म वृत्तीची माणसे म्हणतात. या म्हणण्यात तथ्य असले तरी ते पुरेसे नाही. नदीवर माया करणाऱ्याला नदी आजारी असल्याचे जाणवेल. परंतु तिच्या पाण्यातला प्राणवायू किती घटला आणि तो कोणत्या नाल्यापाशी घटला, हे त्याला सांगता येणार नाही. रेचेल कार्सनचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा प्रभाव केवळ तिच्या शैलीमुळे पडला नाही. कीटकनाशके अन्नसाखळीतून कशी साचत जातात याचा पुरावा तिने गोळा केला होता. शोक करणाऱ्याला मोजताही आले पाहिजे, अन्यथा त्याचा शोक कोणी मनावर घेत नाही.

खरी कसोटी पदवीनंतर लागते. १९९४ च्या आणि पुढे २००६ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन अनिवार्य केले, आणि पर्यावरणाच्या पदवीधराला एक व्यवसाय लाभला. हा अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पधारकाने नेमलेला असतो आणि त्याचे मानधनही प्रकल्पधारकच देतो. खाणप्रकल्पांच्या अहवालांसाठी पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती पुरेशी धरण्याचा प्रघात आहे. कोकणातल्या आणि सह्याद्रीवरच्या सड्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते पाहावे. मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला काळा कातळ. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत असंख्य वनस्पती फुलतात आणि थोड्याच आठवड्यांत दिसेनाशा होतात. उन्हाळ्यात तेथे गेलेल्या तरुणाने ‘उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत’ असे लिहिले, तर त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो आणि एकंदर विधान खोटे असते. नियम त्याच्या बाजूचा, वेतन चोख, आणि घरी त्या वेतनाची गरजही खरी. खोटे न बोलता असत्य घडविण्याची ही सोय सर्वांत अधिक कोणासाठी धोक्याची असेल, तर ती शिकलेल्या माणसासाठी. कातळावर पावसाळ्यात काय उगवते हे ज्याने अभ्यासलेच नाही, त्याच्याकडून निदान हा अपराध घडत नाही.

येथे ‘विषयी’ हा शब्द अपुरा पडतो आणि ‘साक्षी’ या शब्दाकडे वळावे लागते. पाणिनीने साक्षात पाहणाऱ्याला साक्षी म्हटले आहे. वेदान्तातला साक्षी पाहतो, पण अलिप्त राहतो. न्यायसभेतला साक्षी मात्र पाहिल्यामुळेच बांधला जातो. त्याला बोलावे लागते, आणि त्याचे मौन हीदेखील एक कृती ठरते. विज्ञानाची शिस्त पहिल्या साक्षीची अलिप्तता मागते, कारण तिच्यावाचून मोजमाप शुद्ध राहत नाही. परंतु मोजमाप हाती आल्यानंतर पदवीधराला दुसऱ्या साक्षीच्या जागी उभे राहावे लागते. अलिप्तता निरीक्षणापुरती असावी; ती निष्कर्षानंतरही चालू राहिली, तर तिला तटस्थता म्हणता येत नाही.

पाहण्याचा हा अधिकार केवळ पदवीने प्राप्त होत नाही, हेही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याला अनुसरून गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करावी, असे अपेक्षित आहे. माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी अशा नोंदींची कल्पना १९९० च्या दशकापासूनच मांडीत आले होते. या कामात विद्यार्थी लिहिणारा असतो. सांगणारे असतात गुराखी, कोळी, कंदमुळे ओळखणाऱ्या वृद्ध स्त्रिया. कोणत्या डोहात कोणता मासा कधीपासून मिळेनासा झाला, हे त्यांना ठाऊक असते, पण कागदावर आलेले नसते. जनसुनावणीच्या वेळी अहवालाचा सारांश लोकभाषेत द्यावा असा नियम आहे. मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच राहतो. ज्यांच्या पाण्याविषयी तो असतो, त्यांना तो वाचता येत नाही. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा पदवीधर कोणत्या बाजूने वाचून दाखवतो, यावर त्याच्या शिक्षणाचे मोल ठरते.

आयोगाने २०२३ मध्ये पदवीस्तरावरील पर्यावरणशिक्षणासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. अभ्यासक्रम यापुढेही बदलत राहतील, आणि ते बदलावेतही. त्या बदलांत वर्गाबाहेरच्या तासिकांचा वाटा वाढला, एकच सडा मे महिन्यात आणि भाद्रपदात असा दोनदा पाहणे विद्यार्थ्याला भाग पडले, तर पुढे कधी अपुऱ्या अहवालावर सही करताना त्याचा हात निदान अडखळेल. कोणत्याही अभ्यासक्रमाला याहून अधिक हमी देता येणार नाही. सही करायची की नाही, हा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागेल.