लेकरू आईपासून तोडावे काय?

अफू वा तज्जन्य औषधांच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या मातेचे लेकरू काढून घ्यावे, असे कित्येक सज्जनही म्हणतात. लेकराचे रक्षण अवश्य व्हावे. परंतु मातेस एकटी टाकल्याने ते साधते काय? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण स्थापिले. पुढे तेथे स्त्रियांकरिता 'निशिगंध' विभागही झाला. उपचाराने शरीर सावरते. पण घरी जागरण, उपासमार व टोमणे यांनी तलफ पुन्हा उठते. देवाने फारोच्या कन्येच्या हातून मोशेस वाचविले. तरी पाजावयास त्यास आईकडेच परत दिले, वर तिला वेतनही देवविले. यास्तव भडगावच्या भगिनींनो, तिचे बाळ दोन घटका सांभाळा, भाकर पोहोचवा. धोका दिसल्यास बाळास जवळ घ्या. पण आईचाही हात सोडू नका.